चमत्काराची मजुरी



वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले चालक माझ्याकडे आले, तेव्हा मी किमान वेतनावर बोलणार, फार तर माथाडी कायद्यावर, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. विज्ञानपट, त्यांतल्या करामती आणि उद्याची यंत्रे असा विषय मी सांगितला आणि मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. तीस वर्षे हमालांत आणि जिनिंगच्या कामगारांत वावरलेला माणूस, शिक्षण नववीपर्यंत, आणि हा आकाशयानांवर बोलणार! त्यांनी नाही म्हटले नाही, हा त्यांचा मोठेपणा. परंतु आरंभीच एक गोष्ट सांगून टाकतो. मी विषय बदललेला नाही. आजही मी मजुरीवरच बोलणार आहे. ती मजुरी मात्र अशा ठिकाणची आहे की, जिथे ती कुणाच्या नजरेस पडू नये म्हणूनच सारा खटाटोप केलेला असतो.

चित्रपट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. पडद्यावर माणूस धावताना आपण पाहतो. वास्तविक तिथे कोणी धावत नसते. दर सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून सरकतात आणि धावणे घडते ते आपल्या मेंदूत. दोन तासांच्या चित्रपटात अशी १,७२,८०० चित्रे भरतात. सगळ्या करामतींचा जन्म दोन चित्रांमधल्या फटीत झालेला आहे. कॅमेरा थांबवा, समोरच्या माणसाला बाजूला करा, कॅमेरा पुन्हा सुरू करा. पाहणाऱ्याला वाटते, माणूस हवेत विरला.

पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार होता. त्याचे स्वतःचे जादूचे नाट्यगृह होते. त्याने ही युक्ती आत्मसात केली आणि १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढला. चंद्राच्या डोळ्यात तोफगोळा रुतलेला आहे, ते चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिले असेल. त्या चित्रपटाच्या काही प्रती रंगीत होत्या. आता १९०२ साली रंगीत फिल्म कुठून आली? पॅरिसमध्ये एलिझाबेथ तुलिए नावाच्या बाईंचा रंगकामाचा कारखाना होता. तिथे दोनशेवर बाया कामाला होत्या. एकीकडे एक रंग, दुसरीकडे दुसरा, अशा वाटणीने त्या लहानशा चौकटीत बारीक कुंचल्याने, एकामागून एक हजारो चित्रे हाताने रंगवीत. रुईतून कवडी वेचणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा देखावा सहज डोळ्यांपुढे आणता येईल. मेलिएसचे नाव इतिहासात राहिले. तुलिएबाईंचे नाव जाणकारांना ठाऊक आहे. रंग भरणाऱ्या बायांची नावे मात्र चित्रपटावर कुठेच नाहीत. अर्थात मेलिएसचेही पुढे काही बरे झाले नाही. अमेरिकेत त्याच्या चित्रपटाच्या चोरट्या प्रती काढून दुसऱ्यांनीच पैसा केला, आणि उतारवयात तो माँपार्नास स्टेशनवरच्या दुकानात खेळणी आणि गोळ्या विकत बसे.

आपल्याकडे ही विद्या आणली ती त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी. फाळके छापखान्यात घडलेले, फोटोग्राफीत मुरलेले, शिवाय जादूचे प्रयोग करणारे. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय टिपले असेल? देव नव्हे, राजा नव्हे, वाटाण्याचा अंकुर! कुंडीत दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेत गेले. पडद्यावर दाण्यातून अंकुर फुटला आणि पाहता पाहता त्याचे रोप झाले. एवढा तुकडा दाखवून त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. लोक 'राजा हरिश्चंद्र'पासून सुरुवात करतात; मला विचाराल तर आपल्या विज्ञानपटाची मुळी त्या कुंडीत आहे. बी कसे उगवते हे सांगायला शेतकऱ्यांच्या गावात कुणी नको. पण उगवताना पाहणे, हे त्या यंत्राने पहिल्यांदा शक्य केले.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. त्या काळी सिनेमात काम करतो म्हटले की समाजात तोंड दाखवण्याची सोय नसे. म्हणून फाळके आपल्या मंडळींना सांगत, कुणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा. परेश मोकाशी यांनी २००९ साली याच नावाचा सुंदर चित्रपट काढला, तो आपण पाहिला असेल. लोक हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. त्या घरात शिरून कुणी फॅक्टरी-इन्स्पेक्टरने पाहणी केली असती, तर त्याला कारखानाच आढळला असता. त्या वेळी कच्ची फिल्म कडेच्या भोकांवाचून येई. ती भोके अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्याची रसायने त्याच कालवीत, उन्हात उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन् तास त्याच उभ्या राहत, आणि युनिटच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणाऱ्याही त्याच. रात्रपाळी, दिवसपाळी आणि शिवाय चूल! फाळक्यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण जनक म्हटला की जननीचाही विचार आला.

फाळक्यांच्या 'लंकादहना'त (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. 'कालियामर्दना'त (१९१९) फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण झाली. पण करामतीच्या बाबतीत मला त्यांच्याइतकेच कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे अप्रूप आहे. पेंटर हे पुढे पडलेले नाव; मूळ आडनाव मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी कॅमेरा स्वतःच बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. मग दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि त्याच्यावर 'सैरंध्री' चित्रित केली, ती १९२० साली पडद्यावर आली. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की प्रेक्षकांत बायांना भोवळ आली म्हणतात. सेन्सॉरला ते दृश्य कापावे लागले. याच बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. त्यात शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. ज्याला खोटे खऱ्यासारखे दाखवता येते, त्याने खरेही तसेच दाखवले. हे थोडे विषयांतर झाले. पण वऱ्हाडात उभे राहून 'सावकारी पाशा'चे नाव न घेता पुढे जाणे मला जमले नसते.

दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झाले. 'संत तुकारामा'तले (१९३६) वैकुंठाला जाणारे विमान, 'संत ज्ञानेश्वरा'तली (१९४०) चालणारी भिंत, ही त्याच घराण्याची कामगिरी. आपल्या आजीआजोबांनी ती हात जोडून पाहिली. भिंतीखाली चाके असतील हे त्यांना समजत नव्हते असे मानू नका. समजत होते आणि तरी हात जोडत होते.

मुंबईत याच सुमारास सुरतेहून आलेला बाबूभाई मिस्त्री नावाचा एक तरुण होता. १९३३ साली अदृश्य माणसावरचा एक अमेरिकन चित्रपट गाजला होता. त्यात नटाला काळ्या मखमलीने नखशिखांत झाकून, काळ्याच मखमलीसमोर उभे करून, वरून फक्त कपडे चढवले होते. कॅमेऱ्याला काळ्यावर काळे दिसत नाही, म्हणून कपडे रिकामेच चालताना दिसत. त्यावरून विजय भट्टांना तसा चित्रपट हवासा वाटला. बाबूभाईंजवळ साधने नव्हती, काळा दोरा होता. काळा पडदा, बेताचा उजेड आणि काळ्या दोऱ्याने हलवलेल्या वस्तू, एवढ्यावर त्यांनी 'ख्वाब की दुनिया'तले (१९३७) चमत्कार उभे केले. लोक त्यांना 'काला धागा' म्हणूनच ओळखू लागले. पन्नास वर्षांनी, १९८७ साली, 'मिस्टर इंडिया'त आपण सर्वांनी लाल काचेतून अदृश्य अनिल कपूर पाहिला. तेथेही संगणक नव्हता. पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या आणि तारांच्या आधाराने ते सारे केले. आणि 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू? तो रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यांच्या घराण्यातला. (हशा.) मागच्या बाजूची मुले एकदम जागी झालेली दिसतात.

आता उद्याच्या यंत्रांकडे वळतो. आपण सर्रास 'रोबोट' हा शब्द वापरतो. हा शब्द प्रयोगशाळेत जन्मला असे पुष्कळांना वाटते. तो जन्मला नाटकात. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले आणि १९२१ साली प्राग येथे त्याचा प्रयोग झाला. कारखान्यात बनवलेली, न थकणारी, तक्रार न करणारी माणसे हा त्याचा विषय. त्यांना काय म्हणावे, हे चापेकला त्याचा भाऊ योसेफ याने सुचवले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे काय? कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने, मोबदल्यावाचून करायचे काम. मंडळी, आपल्या भाषेत त्याला एकच शब्द आहे : वेठ. इंग्रजी शाळेतली आपली नातवंडे कौतुकाने रोबोट म्हणतात, तेव्हा ती वेठबिगार म्हणत असतात. आपल्या देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, म्हणजे चापेकच्या नाटकानंतर पंचावन्न वर्षांनी. उद्याच्या यंत्राला माणसाने पहिले नाव दिले, ते कालच्या गुलामाचे!

दुसरे उदाहरण फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस'चे. तो १९२७ च्या जानेवारीत बर्लिनला लागला. वर मनोऱ्यांत धनिक राहतात आणि जमिनीखाली कामगारांची वस्ती. मारिया नावाची एक तरुणी कामगारांना धीर देते. मालक शास्त्रज्ञाकरवी तिच्याच चेहऱ्याचा यंत्रमानव बनवून घेतो आणि कामगारांत सोडतो. ती खोटी मारिया त्यांना भडकवते, ते यंत्रे फोडतात आणि पाणी त्यांच्याच घरांत शिरते. हा चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा खुर्चीत ताठ बसलो. पुढाऱ्याचा चेहरा आणि मालकाचा आवाज! आमच्या धंद्यात अशी माणसे यंत्रावाचूनही मिळतात. पण आज ज्याला डीपफेक म्हणतात, कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज घेऊन बनवलेली खोटी चित्रफीत, तिचे हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे भाकीत आहे. त्यातल्या भव्य इमारती पुष्कळशा लहान प्रतिकृती होत्या. कॅमेऱ्यासमोर तिरपा आरसा धरून, त्याचा पारा हवा तेवढा खरवडून, प्रतिकृती आणि खरी माणसे एकाच चित्रात आणण्याची युक्ती शुफ्तान नावाच्या कारागिराची. आणि पुरात धावणारी ती शेकडो मुले? ती बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून आणलेली होती. पाणी खरे होते. चित्रपटाचा शेवट मात्र मला पटत नाही. मालकाचे डोके आणि कामगाराचे हात यांना हृदयाने जोडावे, असे तो सांगतो. हृदयाबद्दल मला आदर आहे. परंतु आमच्या अनुभवाने सही-शिक्क्याचा करार जास्त टिकतो.

याच लांगने १९२९ साली चंद्रावर जाणाऱ्या बाईचा चित्रपट काढला. त्यात रॉकेट उडण्यापूर्वी आकडे उलटे मोजले, कारण त्याने प्रेक्षकांची उत्कंठा वाढते. आज जगभर रॉकेट उडते ते याच उलट्या मोजणीने. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ निघाले, तेव्हा घरोघर मुलांनी ती मोजणी म्हटली. अशी देवघेव पुष्कळ झालेली आहे. २०११ साली अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांचा टॅबलेटच्या आकारावरून खटला चालला होता. त्यात एकीने १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'तले दृश्य कोर्टापुढे मांडले : पाहा, ही पाटी तर यांच्याआधीच पडद्यावर होती!

तर ही झाली हाताने केलेली करामत. आजची करामत संगणकावर होते आणि तिचा फार मोठा भाग मुंबई, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथे होतो. 'ड्यून' या विज्ञानपटाला २०२२ साली करामतींसाठी ऑस्कर मिळाले. ते काम करणाऱ्या कंपनीची मुंबईत आणि चेन्नईत कार्यालये आहेत. या कामाचा पाया म्हणजे 'रोटो'. पडद्यावरच्या माणसाला त्याच्या पार्श्वभूमीतून कापून काढायचे. कडेकडेने, केसाकेसाने, प्रत्येक चित्रात. पाच सेकंदांचे दृश्य म्हणजे १२० चित्रे. दुसरे काम तारा पुसण्याचे. नायक उडतो तो आजही तारेवरच. फक्त बाबूभाईंसारखी ती लपवण्याची आता गरज उरली नाही. तार जाड असली तरी चालते. ती पुसायला मुले आहेत.

कारंजा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा मुंबईत हे काम करतो. दिवाळीत तो माझ्याकडे आला होता. डोळे लाल, मान आखडलेली. सांगत होता, काका, चित्रपट लागायची तारीख जवळ आली की दोन दोन दिवस घरी जाणे होत नाही, आणि जादा तासांचा पैसा नाही. त्याच्या वडिलांनी पोराचे काम पाहायचे म्हणून अमरावतीला जाऊन इंग्रजी चित्रपट पाहिला. एक अक्षर समजले नाही. शेवटी नावे येतात असे पोराने सांगितले होते, म्हणून दिवे लागेपर्यंत बसून राहिले. हजारभर नावे सरकून गेली. पोराचे नाव नव्हते. कंपनीचे नाव असते, खालच्या माणसांतल्या कुणाकुणाचेच येते.

ही एका पोराची कथा; आता धंद्याची सांगतो. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आपण पाहिला असेल. तो बहुतांशी संगणकातला होता आणि तो घडवणाऱ्या रिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेत होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कंपनीने दिवाळे जाहीर केले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्या वाघाला ऑस्कर मिळाले. सभागृहाबाहेर या धंद्यातले शेकडो कामगार निदर्शने करीत होते. आत पारितोषिक घेणारा कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागताच वाद्यवृंदाने 'जॉज' चित्रपटाचे, शार्क मासा येताना वाजणारे, संगीत सुरू केले आणि त्याचा आवाज बंद करण्यात आला. एवढे नाव असूनही दिवाळे का? कारण काम ठोक बोलीने घ्यावे लागते. दृश्याला दर ठरतो. मग निर्माता तेच दृश्य कितीदाही बदलायला लावो. इथे बसलेल्या हमाल बांधवांना हे लगेच समजेल. पोत्याचा दर एकदा ठरला. मालकाने तेच पोते पाच वेळा थप्पीवरून उतरवून पुन्हा चढवायला लावले आणि पैसे दिले एकाच पोत्याचे, तर काय होईल? ते तिथे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जुना मोठा समूह कोसळला आणि बंगळूर व मुंबई येथील हजारो मुलामुलींच्या नोकऱ्या काही दिवसांत गेल्या.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. रोटोचे काम यंत्र आपण होऊन करू लागले आहे आणि त्या मुलाकडे यंत्राच्या चुका दुरुस्त करण्याचे काम आले आहे. त्याची प्रत्येक दुरुस्ती यंत्राला धडा होऊ शकते. मी यंत्राचा शत्रू नाही. केंद्र सरकारची कापूस तंत्रज्ञान मोहीम २००० साली सुरू झाली आणि जिनिंगमध्ये आपोआप कपाशी घालणारी यंत्रे आली. धूळ कमी झाली, रुई स्वच्छ झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण गंजीवरून टोपल्या वाहून यंत्राच्या तोंडी कपाशी घालणाऱ्या बाया कमी झाल्या, आणि वाचलेल्या मजुरीचा वाटा त्यांच्या पदरात पडला नाही. भांडण आहे ते या वाट्याचे.

चांद्रयान उडाले त्याच दिवशी, १४ जुलै २०२३ रोजी, अमेरिकेतले नट संपावर गेले. लेखक २ मेपासूनच बाहेर होते. नटांचा संप ११८ दिवस चालला. त्यातली एक मागणी अशी होती की, आमच्या चेहऱ्याची संगणकी प्रतिकृती आमच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरू नये. ती पुष्कळ अंशी करारात आली. मारियाच्या चेहऱ्याला, म्हणायचे तर, कायद्याचे थोडे संरक्षण मिळाले. त्याच सप्टेंबरात मार्व्हलच्या करामत विभागातल्या कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने कौल दिला. पण चेहऱ्याची कलमे झाली तशी रोटो कापणाऱ्या हाताची अजून व्हायची आहेत.

आपल्याकडे पश्चिम भारतातल्या सिनेकर्मचाऱ्यांचा महासंघ १९५६ पासून आहे. १९८१ चा सिनेकामगार कायदा चित्रपटांच्या काळातला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो पोटात घेतला आणि दृक्श्राव्य निर्मितीच्या व्याख्येत ॲनिमेशन व डिजिटल निर्मिती घातली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत : प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, आणि दृक्श्राव्य कामगाराशी लेखी करार. त्या मुलाला मी विचारले, तुझा करार कुठे आहे? तो म्हणाला, मोबाइलवर काहीतरी आले होते, त्यावर बोट दाबले.

या भागातली पुष्कळ मुले ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमांना पुण्या-मुंबईला जातात, हे मला ठाऊक आहे. वावर गहाण टाकून फी भरलेली घरेही मी पाहिली आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी या कामात असेल, त्यांनी तो कागद, किंवा मोबाइलवर असेल तर मोबाइल घेऊन, आभारप्रदर्शन झाल्यावर मला येथेच भेटावे. बारीक अक्षर वाचायला मी चष्मा आणला आहे. उद्या सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मला निघायचे आहे, तेव्हा रात्री कितीही उशीर झाला तरी चालेल.